वाढीव पाटा

आण्णा, माझे वडील, वजनकाट्याची पावती नंतर बघायचे. आधी गाडीच्या मागं जाऊन उकिडवे बसायचे आणि चाकाच्या आत मान घालून पाट्यांकडं, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांकडं, बघायचे. मेन पाटा अजून कमानीत आहे की सपाट झाला, वरचा हेल्पर, म्हणजे जादा भाराला मदतीला येणारा पाट्यांचा छोटा संच, टेकला की अजून बोटभर फट आहे, दोन्ही बाजू सारख्या बसल्यात की डावी जरा जास्त, एवढ्यावरून शाहूपुरीत भरलेल्या गुळाचं वजन सांगायचे. काट्यावर फरक निघायचा तो दोन-चार रव्यांचा, म्हणजे गुळाच्या ढेपांचा. मी तेव्हा सहावी-सातवीत असेन. सुट्टीत गाडी भरताना बघायला जायचे, त्यांच्या शेजारी बसून आत डोकवायचे. मला तिथं एकाखाली एक रचलेली काळी, तेलकट लोखंडी पानं दिसायची, बाकी काही नाही.

गाडी १९६८ ची टाटा १२१०, लांब नाकाची. जमशेदपूरच्या टेल्कोनं, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सनं, १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला घेतले, आणि तो करार १९६९ मध्ये संपला. म्हणजे तीन टोकांचा तारा नाकावर घेऊन बाहेर पडलेल्या शेवटशेवटच्या गाड्यांपैकी आमची एक. १२१० मधले बारा म्हणजे भरल्या गाडीचं एकूण वजन बारा टन, आणि दहा म्हणजे शंभराच्या आसपास अश्वशक्ती. आमच्याकडं तिला सगळे 'बेंझ'च म्हणायचे. आण्णांनी ती १९७९ मध्ये जुनीच घेतली. जाताना कोल्हापूरचा गूळ मुंबईला मशीद बंदरात, येताना मिळेल तो माल, असं वीस वर्षं चाललं. मग ती मळ्यात चिंचेखाली उभी राहिली ती राहिलीच.

गेल्या वर्षी मी आणि धाकट्या भावानं ती पुन्हा रस्त्यावर आणायचं मनावर घेतलं. इंजिन, केबिनचं लाकूड, कागदपत्रं हे सगळं त्यानं केलं, ते तो कधीतरी लिहील. पाट्यांचं काम माझ्याकडं आलं. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळं 'स्प्रिंग तुझी' असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं. मला आनंदच झाला, कारण ती काळी पानं मला लहानपणापासून नीट बघायची होती.

शिरोलीजवळ हायवेला लागून चाचांची पत्र्याची शेड आहे. पाटीवर 'कमान पाटे' एवढेच दोन शब्द. चाचांचे वडील टांग्यांच्या कमानी करायचे. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला घोडागाड्यांखाली ज्या लंबगोल कमानी आल्या, त्याच पुढं टांग्याखाली आल्या आणि मग ट्रकखाली. चाचांच्या घरात हा सगळा प्रवास दोन पिढ्यांत झालाय.

पहिल्या दिवशी चाचांनी पान्याला हातसुद्धा लावला नाही. गाडी सपाट कोब्यावर उभी केली, चारी बाजूंची हवा सारखी करून घेतली, आणि मागच्या आसापासून चासीपर्यंतचं अंतर दोन्हीकडं मोजलं. डावी बाजू दीड इंच खाली. मी विचारलं, डावीच का? ते म्हणाले, "ताई, रस्ता मधी उंच असतो, कडंला उतरता. आपण डावीकडनं चालतो. मग जन्मभर भार कुणीकडं जाणार?" इतकी वर्षं मी मुलांना गुरुत्वमध्य शिकवला आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला दिलेला उतार प्रत्येक गाडीच्या डाव्या पाट्यांवर थोडं थोडं वजन ढकलत राहतो. वीस वर्षांत ते दीड इंच होतं.

मग मेन पाट्याच्या पुढच्या वेढ्यापासून, म्हणजे टोक वळवून केलेल्या भोकापासून, मागच्या वेढ्यापर्यंत सुतळी ताणली आणि मधोमध कमान किती खोल आहे ते मोजलं. पाटा 'बसला' असं आपण म्हणतो तो किती बसला, हे त्या सुतळीवर कळतं. शेवटी पहार घालून दोन्ही टोकांचे पिन हलवून बघितले. मागच्या शॅकलचा, म्हणजे पाटा चासीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचा, पिन बुशात खडखड वाजला. ग्रीस जायची भोकं मातीनं बुजून दगड झाली होती.

दुसऱ्या दिवशी धुणं. आधी तारेचा ब्रश, मग डिझेल. गंज निघाल्यावर चाचांनी प्रत्येक पाट्याच्या कडांना डिझेलचा हात फिरवला आणि रात्रभर तसंच सोडलं. सकाळी कोरड्या कापडानं पुसून काढलं आणि माझ्याकडून खडू मागितला. शाळा-कॉलेजवाल्याकडं खडू असणारच, हा त्यांचा हिशेब बरोबर होता. खडू आडवा धरून त्यांनी पाट्याची सगळी कड पांढरी केली आणि आम्ही चहा प्यायला गेलो. परत आलो तर डाव्या बाजूच्या तिसऱ्या पाट्यावर, पाटे आसाला आवळून धरणाऱ्या दोन यू बोल्टच्या मधोमध, पांढऱ्यावर एक काळसर ओली रेघ उमटली होती. केसाएवढी. आधी दोनदा बॅटरी मारून बघितलं होतं तेव्हा तिथं काहीच नव्हतं. भेगेत शिरलेलं डिझेल रात्रभर आत थांबलं होतं आणि खडूनं त्याला बाहेर ओढून घेतलं. मी त्या रेघेवर नख फिरवलं. नखाला काही लागलं नाही.

पाटे मोजायचं काम मीच केलं. सुट्या भागांच्या जुन्या पुस्तकातलं चित्र भावानं कुठूनसं मिळवलं होतं. त्यातल्यापेक्षा आमच्या गाडीला मागं दोन्हीकडं एकेक पाटा जास्त होता. मी चाचांना दाखवलं. ते म्हणाले, "हो, घातलेला हाय. रंग बघा की." जास्तीच्या पाट्याचं पोलाद खरंच वेगळं दिसत होतं, गंजसुद्धा वेगळ्या जातीचा.

संध्याकाळी घरी हे सांगितलं तेव्हा आण्णा जेवता जेवता थांबले. "त्यो पाटा काढायचा न्हाई," म्हणाले. "त्या पाट्यानं मला घरी आणलंय."

ती गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलेली. १९८६ चा पावसाळा. गाडी भरलेली, रात्रीची वेळ, खंबाटकी घाट चढून उतार लागला आणि खड्ड्यात चाक आदळून डाव्या बाजूला बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. मागच्या बाजूचा मेन पाटा पुढच्या वेढ्याजवळ तुटला होता. मेन पाटा नुसता वजन झेलत नाही. मागचा सगळा आस चासीला जागेवर धरून ठेवतो तो त्याच पाट्याचा पुढचा वेढा. तो गेला की ब्रेक दाबताच आस एका बाजूनं सरकायला मोकळा, आणि घाटात गाडी आडवी होते. आण्णांनी क्लीनरला घेऊन पावसात आसाच्या आणि चासीच्या मध्ये लाकडी ठोकळा घातला, साखळीनं आवळलं आणि बैलगाडीच्या चालीनं शिरवळपर्यंत गाडी आणली. तिथं एका मिस्त्रीकडं मेन पाटा बदलला, आणि पुन्हा असं व्हायला नको म्हणून दोन्हीकडं एकेक पाटा वाढवून घेतला. त्यानंतर बारा-तेरा वर्षांत पाटा म्हणून तुटला नाही. आई गेल्यावर त्यांच्याजवळ जी जुनी श्रद्धास्थानं उरलीत, त्यात तो वाढीव पाटा एक आहे, हे मला त्या जेवणाच्या ताटावर कळलं.

भाऊ म्हणाला, गाडी मूळ रूपात आणायची असेल तर काढायलाच हवा. मी म्हणाले, मूळ रूप १९६८ चं की आण्णा चालवत होते तेव्हाचं? मला खरंच ठरवता येईना. जुनी गाडी सांभाळायची म्हणजे कारखान्याच्या चित्राशी इमान राखायचं, की तिच्या मालकानं तिच्यात केलेल्या बदलांशी? त्यात घातलेला पाटा हा काही शोभेचा दिवा नव्हता. भीतीतनं आणि घरच्या ओढीनं घातलेला होता. महिनाभर आम्ही यावर बोलत राहिलो आणि गाडी चाचांच्या शेडमध्ये ठोकळ्यांवर तशीच.

त्या महिन्यात मी रीतसर गणित करून बघितलं. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. बारा मिलिमीटरचा पाटा झिजून, गंजून अकरावर आला तर डोळ्याला फरक दिसत नाही, पण त्याचा ताठपणा जवळपास तेवीस टक्क्यांनी उतरतो. उलट, संचात एक पाटा वाढवला की सगळा संच तेवढ्या पटीत ताठ होतो. म्हणजे तेवढ्याच वजनाला गाडी कमी बसते. गाडी कमी बसली म्हणजे वजन कमी झालं असं नाही. आस, टायर, ब्रेक, चासी यांच्यावर तेवढंच वजन आहे. फक्त पाटा ते दाखवायचं बंद करतो. आणि रिकाम्या परतीला हाच ताठपणा प्रत्येक खड्डा सरळ वर, सीटपर्यंत पाठवतो. आण्णांची कंबर १९९० नंतर धरायला लागली. त्याला कारणं दहा असतील. तरी वही मिटताना मला त्यांचा तो कमरेचा पट्टा आठवला.

हे मी त्यांना सांगितलं नाही. गणितानं माणसाची श्रद्धा काढून घेणं मला नको होतं.

शेवटी चाचांनीच आण्णांना शेडवर बोलावलं. खुर्ची टाकली, पण आण्णा खुर्चीत बसले नाहीत. भावाचा खांदा धरून खाली उकिडवे झाले, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. चाचांनी बोट ठेवलं ते यू बोल्टच्या नटावर. "आण्णा, आटे दिसत्यात का नटाच्या बाहेर?" दिसत नव्हते. उलट नटाच्या आतल्या अंगाला दोन-तीन आटे रिकामे होते. पाटा वाढवला, त्यानं संचाची जाडी वाढली, पण यू बोल्ट जुनेच, मूळ मापाचे ठेवले गेले. नट जेमतेम अर्ध्या आट्यांवर अडकला. असा नट कितीही आवळा, हादऱ्यानं सैल होणारच.

यू बोल्ट सैल झाला की काय होतं हे चाचांनी आपल्या हाताच्या पंजानं दाखवलं. पाट्यांचा मधला भाग आसावर घट्ट दाबलेला असला तर तिथं वाकणं पोचतच नाही, वाकतात त्या दोन्ही बाजू. दाब सुटला की वाकणं मधल्या भोकापर्यंत जातं. तिथं सेंटर बोल्टसाठी पाट्याला भोक पाडलेलं असतं, म्हणजे मुळातच तिथं अंग कमी. मग भेग पडते ती तिथंच, आणि आस जागेवर धरण्याचं काम त्या बिचाऱ्या सेंटर बोल्टवर येतं, जे त्याचं कामच नाही.

आण्णांनी खडूतली ती रेघ बघितली. खूप वेळ बघत होते. "म्हंजे मी सैल गाडी चालवत हुतो," म्हणाले.

"बसवणाऱ्यानं लांब बोल्ट घालायला पायजे हुते," चाचा म्हणाले. "तुमची काय चूक न्हाई."

"आणि घाटात? त्या रातीला?"

चाचांनी उजव्या बाजूचा दुसरा पाटा दाखवला. त्याचं टोक मेन पाट्याच्या वेढ्याभोवती बाहेरून वळवलेलं असतं, सैल मिठी मारल्यासारखं. मेन तुटला तरी पिन त्या मिठीत राहतो आणि आस एकदम सुटत नाही. त्या रात्री ठोकळा आणि साखळी घालेपर्यंत आणि नंतरही, आण्णांची गाडी या दुसऱ्या पाट्यानं धरली होती. तो मूळचाच होता, गाडीबरोबर आलेला. आण्णांनी हात पुढं करून त्या वळणावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "काढा."

काढायचं काम दोन दिवस चाललं. चासीखाली सालाचे जाड ठोकळे, आसाखाली वेगळा जॅक. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाचा कुणाला गाडीखाली जाऊ देत नाहीत, पोरं कितीही घाईत असोत. यू बोल्टचे नट गॅसनं तापवले आणि सरळ कापले, कारण एकदा ताणलेला यू बोल्ट परत वापरायचा नाही हा शेडचा नियम आहे. संच बाहेर आल्यावर खरी भीती वाटते. पाटे एकमेकांवर निवांत पडलेले नसतात. खालचा प्रत्येक पाटा वरच्यापेक्षा जरा जास्त वाकवलेला असतो, आणि सेंटर बोल्टनं एकत्र ओढले की सगळे एकमेकांना ताणून धरतात. मेन पाट्याला त्यामुळं आधीच उलट्या बाजूचा ताण मिळतो, आणि रस्त्यावरच्या माराला तो तेवढा उशिरा थकतो. सेंटर बोल्ट तसाच कापला तर पाटे उसळून हाताची बोटं नेतील. चाचांनी दोन्ही बाजूंना मोठे क्लॅम्प लावले, बोल्ट काढला आणि क्लॅम्प दोन-दोन आटे करत सोडले. पाटे हळूहळू पंख्यासारखे उलगडले.

मोकळ्या पाट्यांना त्यांनी एकेक करून सुतळीवर टांगलं आणि छोट्या हातोडीनं टोलवलं. चांगला पाटा देवळातल्या घंटेसारखा लांब वाजतो. भेगाळलेला तिसरा पाटा 'ठप' करून गप्प झाला. मला वाटलं होतं भेग एकाच पाट्याला असेल. चौथाही गप्प निघाला.

बसलेल्या पाट्यांना हातोड्यानं ठोकून पुन्हा कमान द्यायची पद्धत आपल्याकडं रस्तोरस्ती आहे, स्वस्तात होते. मी तिच्या विरुद्ध आहे, आणि चाचाही. थकलेल्या पोलादाला वाकवून आकार परत येतो, ताकद परत येत नाही, आणि हातोड्याचा प्रत्येक खोचा म्हणजे पुढच्या भेगेला करून दिलेली जागा. कारखान्यात नवा पाटा नऊशे अंशांच्या आसपास तापवून तेलात बुडवतात, मग पुन्हा कमी आचेवर तापवून ठिसूळपणा काढतात, आणि वरच्या अंगावर पोलादी छर्र्यांचा मारा करतात. त्या माऱ्यानं वरचा थर दाबला जातो आणि भेग सुरू व्हायला अवघड जातं. हे रस्त्याकडेच्या ऐरणीवर होत नाही. म्हणून दोन्ही बाजूंचे मागचे संच पूर्ण नवे घेतले, हरियाणातल्या यमुनानगरहून आलेले, पुस्तकातल्या संख्येचे. एकच बाजू बदलायचा विषयच नव्हता. नवी बाजू उंच, जुनी बसकी, अशी गाडी जन्मभर वाकडी चालते.

पाट्यांच्या मधल्या अंगाला ग्रॅफाइटचं ग्रीस मी स्वतः लावलं. आण्णा पावसाळ्याच्या तोंडावर ब्रशनं जळकं ऑइल मारायचे ते याचसाठी. कोरडे पाटे करकरतात, आणि गंजाचा प्रत्येक खळगा त्यांना आतून खातो. नवे गनमेटलचे बुश, नवे पिन. यू बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर शेवटचे आवळले. नटाबाहेर तीन-तीन आटे. आण्णांनी ते मोजले.

कराडपर्यंत रिकामी नेऊन आणली. भाऊ चालवत होता, आण्णा मधल्या जागेवर. किणी टोलनाक्यापुढं खराब पट्टा लागला तेव्हा ते काहीतरी म्हणतील म्हणून मी बघत होते. ते काही बोलले नाहीत. उजवा हात आपसूक कमरेवर गेला होता तो त्यांनी काढून मांडीवर ठेवला. परत आल्यावर चाचांनी सगळे नट पुन्हा आवळले, प्रत्येकानं पाव फेरा घेतला. नव्या यू बोल्टना पहिल्या काही मैलांनंतर हे करावंच लागतं.

काढलेल्या पाट्यांचं काय करायचं हे आमच्या भागात कुणाला विचारावं लागत नाही. ऊसतोडीचा चांगला कोयता गाडीच्या पाट्याचाच असतो. भेगाळलेले भंगारात गेले. एक वाढीव पाटा गावच्या लोहाराकडं गेला, त्याचे दोन कोयते आणि काकूसाठी एक विळा झाला. दुसरा आण्णांनी ठेवून घेतला. गोठ्याच्या भिंतीला टेकवून उभा आहे.

हंगाम सुरू झाल्यावर शेजारच्या गुऱ्हाळातनं गाडी भरली. बेताचाच माल, नव्या पाट्यांना सवय व्हावी म्हणून. भरून झाल्यावर आण्णा मागं गेले, भावाच्या आधारानं उकिडवे झाले, आत मान घातली. मीही शेजारी बसले. आता मला मेन पाटा, त्याच्या वेढ्याभोवतीची दुसऱ्याची मिठी, सगळं वेगवेगळं दिसत होतं.

"साडेतीन टन," आण्णा म्हणाले.

नव्वद रवे होते, तीस किलोचा एक. दोन टन सातशे. भावानं सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. "माझा डोळा त्या जादा पाट्याला बसलाय." मग तिथंच बसून राहिले. गुऱ्हाळातली पोरं परत निघाली होती, त्यांना हाक मारून म्हणाले, "आरं, अजून धा रवे चढवा. आणि मग थांबा. मी बगतो. मग अजून धा."